कुडू, ओढा आणि नोंदवही

शनिवार, रात्री

दुपारी मित्राचा फोन आला. जूनमध्ये शिकारीसाठी आफ्रिकेतल्या नामिबियाला जाणाऱ्या गटातला एक जण गळालाय, जागा रिकामी आहे, येतोस का? सात दिवस, चार जनावरं. कुडू, गेम्सबॉक, स्प्रिंगबॉक ही हरणांसारखी तीन जनावरं आणि डोंगरी झेब्रा. पुढच्या शनिवारपर्यंत काय ते सांग, म्हणाला. फोन ठेवला तरी मी कितीतरी वेळ तिथेच उभा होतो.

कुडूचं वेड मला बारा-तेरा वर्षांचा असल्यापासून आहे. एका जुन्या मासिकात त्याचं चित्र पाहिलं होतं. काटेरी झुडपांत अर्धा लपलेला नर, अंगावर पांढऱ्या रेघा, आणि पिळे घेत वर गेलेली ती शिंगं. पुढे वाचून कळलं की ती शिंगं पिळाच्या कडेने मोजली तर १२० सेंटिमीटरपर्यंत सहज भरतात, आणि अडीच पिळे पुरे व्हायला नराला साधारण सहा वर्षं लागतात. एवढं मोठं, अडीचशे किलोंपर्यंत भरणारं जनावर, पण झाडीत दहा पावलं मागे सरलं की दिसेनासं होतं. तिकडचे शिकारी त्याला राखी भूत म्हणतात.

त्याच वयात थिओडोर रूझवेल्टच्या सफारीबद्दल वाचलं होतं. अमेरिकेचं अध्यक्षपद सोडल्यावर १९०९ मध्ये तो मोम्बासाला उतरला आणि जवळजवळ वर्षभर आफ्रिकेत फिरला. संग्रहालयासाठी नमुने गोळा करायची मोहीम होती. त्याने आणि बरोबरच्या मुलाने मिळून ५१२ मोठी जनावरं मारली. तेव्हा तो आकडा वाचून माझा श्वास अडकला होता. आज तोच आकडा आठवला की मन थकून जातं. मधल्या वर्षांत माझ्यात काय बदललं, ते या आठवड्यात नीट शोधायला हवं. त्याशिवाय मित्राला उत्तर देता येणार नाही.

रविवार, सकाळी

पहाटे ओढ्यापलीकडच्या रानात गेलो. घरापासून चालत पाऊण तासावरचं रान. इथे शिकारीला कायद्याने परवानगी आहे, हंगाम ठरलेला आहे, माझ्या परवान्यावर एक हरीण आणि दोन रानडुकरं लिहिलेली आहेत. नऊ वर्षं याच टापूत फिरतोय.

मचाणावर पोचलो तेव्हा वारा अजून उतरता होता. रात्रभर थंड झालेली हवा उतारावरून ओढ्याकडे वाहत असते. ऊन चढलं, जमीन तापली की ती उलटी फिरते आणि वर चढू लागते. मधली दहा-पंधरा मिनिटं वाऱ्याचा भरवसा नसतो. डुकराची नजर बेताची, पण नाक असं की त्या पंधरा मिनिटांत माझा वास पोचला तर सकाळ वाया. पहिल्या दोन वर्षांत माझ्या कितीतरी सकाळी अशाच गेल्या.

आज डुकरीण आली. मागे पट्ट्यापट्ट्यांची सहा पिल्लं. आधी लोळणीत गेली, चिखल माखून घेतला, मग नेहमीच्या त्याच वाकड्या झाडाला अंग घासलं. त्या झाडाची साल कमरेच्या उंचीपर्यंत गुळगुळीत झालीय. पिल्लांच्या आईवर बार टाकायचा नाही, हा इथला पहिला धडा. तिला मारलं तर मागची सहाही उपाशी मरतात. बंदूक मांडीवर आडवी ठेवून मी बघत राहिलो. डुकरिणीचे गाभणपणाचे दिवस सुमारे ११५; त्यात पिल्लांचं वय मिळवून मागे मोजलं तर मी ज्या आठवड्यात तो मोठा सुळेवाला नर उताराच्या वरच्या अंगाला पाहिला होता, तोच आठवडा निघतो. नोंदवही काढून ताडून पाहिलं. जुळलं. या जुळण्याचा जो आनंद झाला तो कुठल्याही नेमाच्या आनंदापेक्षा कमी नव्हता, हे मी मनापासून लिहितोय.

वही आता चौथी आहे. वारा, पाऊलखुणा, कुठे जमीन उकरलीय, कुठे ताज्या लेंड्या आहेत, कोण दिसलं, कोण दिसलं नाही.

बुधवार

आज कामात लक्ष नव्हतं. सारखी ती तीन वर्षांपूर्वीची हरणाची मादी आठवत राहिली.

संध्याकाळचा उजेड कमी होता. मी घाई केली. बार झाला, ती पाठ वाकवून दचकली आणि हळूहळू, अंग आखडून झाडीत गेली. तेव्हाच पोटात खड्डा पडला. जागेवर जाऊन पाहिलं तर थोडंसं गडद रक्त, त्यात हिरवट काहीतरी, आणि आंबूस वास. फेसाळ गुलाबी रक्त असतं तर गोळी फुप्फुसात लागली असती आणि ती शंभर पावलांत पडलेली सापडली असती. हिरवट म्हणजे पोट. अशा वेळी लगेच मागे जायचं नाही. तिला शांत पडू द्यायचं. मागे लागलं तर वेदनेत उठून मैलभर जाते. हे सगळं मला ठाऊक होतं, तरी तो थांबण्याचा वेळ माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांब वेळ होता. रात्री पाऊस आला आणि रक्ताचा माग धुऊन गेला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच गेलो. माग नव्हता. मग मी रक्त शोधणं सोडून रानाचा विचार करायला लागलो. जखमी हरीण चढ सहसा टाळतं, पाण्याकडे जातं. त्या बाजूने ओढ्याकडे उतरणाऱ्या तीनच वाटा आहेत; एक उघडी, एक दगडांची, आणि एक दाट वेलींखालून जाणारी. वेलींखाली रांगत गेलो. दुपारी सापडली. बार झाला त्या जागेपासून सहाशे पावलांवर, पाण्याच्या काठाशी. मांस टाकून द्यावं लागलं. मी तिच्याजवळ बसून होतो, किती वेळ ते आठवत नाही. त्या हंगामात पुन्हा बंदूक उचलली नाही.

आज हे लिहिण्याचं कारण असं की हाच बार परदेशात सहाव्या दिवशी झाला असता तर? मी उरलेले तास शोधलं असतं आणि मग विमानतळावर गेलो असतो. तिथे नियम असा असतो की जनावर जखमी झालं की ते तुमच्या नावावर लागलं, सापडो न सापडो, पैसे द्यायचे. नियम योग्यच आहे, त्याने माणूस नेम धरताना दहादा विचार करतो. पण पैसे भरल्याने शोधणं संपत नाही. शोधायला दिवस लागतात. आणि ती दाट वेलींखालची वाट माहीत असावी लागते.

गुरुवार

मी बाहेर गेलोच नाही असं नाही. सहा वर्षांपूर्वी न्यूझीलंडला गेलो होतो, सदर्न आल्प्सच्या डोंगरांत, ताहरसाठी. मूळचं हे हिमालयातलं, रानबकऱ्यासारखं जनावर. १९०४ मध्ये माउंट कुकच्या परिसरात काही ताहर सोडले. तिथे त्यांना खाणारं कोणी नाही, म्हणून कळप वाढत गेले आणि डोंगरावरचं गवत, झुडपं फस्त करू लागले. १९९३ च्या सरकारी आराखड्यात त्यांची संख्या १०,००० च्या वर जाऊ द्यायची नाही असं ठरलं, त्यामुळे तिथे ताहर मारण्याला अर्थ आहे.

नराची आयाळ हिवाळ्यात छातीपर्यंत लोंबते, वाऱ्यावर उडते. असा एक नर कड्यावर उभा होता. तो शोधला वाटाड्याने. म्हातारा आहे हे ठरवलं वाटाड्याने. अंतर मोजलं त्याने, वारा पाहिला त्याने, बंदुकीखाली पिशवी कशी लावायची तेही त्यानेच दाखवलं. बोट माझं होतं. नेम चुकला नाही, जनावर जागेवर पडलं, आणि तरीही त्या रात्री झोप लागेना. सुंदर दिवस होता, त्याबद्दल एक शब्दही वाईट लिहिणार नाही. पण आज कुणी मला त्या दरीत सोडलं तर सकाळी वारा कुठून वाहतो तेही मला सांगता येणार नाही.

बायकोला मी परत आल्यावर सगळं रंगवून सांगितलं होतं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "तू जे सांगितलंस ते सगळं त्या वाटाड्याला दिसलेलं आहे. तुला काय दिसलं?" तेव्हा मला राग आला होता. आज संध्याकाळी तिला नामिबियाचं सांगितलं, तर तिने तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. फक्त म्हणाली, "लहानपणापासूनची इच्छा आहे तुझी. नीट विचार कर, पण नाही म्हणायचं म्हणून नाही म्हणू नकोस."

शुक्रवार, रात्री उशिरा

दोन दिवस मी परदेशी शिकारीच्या विरोधात मनातल्या मनात खटला चालवत होतो. ते बरोबर नाही. दुसरी बाजू लिहायला हवी.

नामिबियात १९९६ च्या कायद्याने गावकऱ्यांच्या संस्थांना आपल्या भागातल्या वन्यजीवांवर हक्क मिळाला. अशा संस्था आता ऐंशीहून जास्त आहेत. बाहेरून आलेल्या शिकाऱ्याचा पैसा त्यांच्याकडे जातो, मांस गावात वाटलं जातं. ज्या माणसाचं शेत हत्ती तुडवतो, ज्याच्या शेळ्या बिबट्या नेतो, त्याला त्या जनावरांनी जगावं असं वाटण्याचं काही कारण हातात पडतं. माझ्या ओढ्याकाठच्या एका डुकराने असं काही होत नाही.

सगळ्यांना हा मार्ग पटलेला नाही. केनियाने १९७७ मध्ये शिकार बंद केली, ती अजून बंदच आहे. बोत्स्वानाने २०१४ मध्ये बंद केली आणि २०१९ मध्ये पुन्हा सुरू केली. ज्यांच्या दारात ही जनावरं आहेत त्यांचंही एकमत नाही, तर इथे बसून मी छातीठोकपणे काय बोलणार? एवढं मात्र माझं पक्कं आहे की कुंपणात वाढवून, ठरल्या दिवशी पुढ्यात सोडलेलं जनावर मी कधीही मारणार नाही. त्याला शिकार म्हणणंच मला मान्य नाही.

हे वाचता वाचता एका गोष्टीपाशी अडकलो. त्या गावांतले राखणदार रोज पायी फिरतात आणि एका वहीत नोंदी करतात. कुठलं जनावर दिसलं, कुठे मेलेलं सापडलं, कुठे फासा लावलेला मिळाला, कुणाच्या शेताचं नुकसान झालं. वर्षाच्या शेवटी त्या नोंदी एकत्र करतात, आणि किती जनावरं मारायला परवानगी द्यायची हे ठरवताना त्यांचा उपयोग होतो. म्हणजे तिकडेही कुणीतरी वही लिहितंय. मी उठून माझी चौथी वही काढली आणि उगाच चाळत बसलो.

मला कुडूइतकाच तो वही लिहिणारा माणूस भेटायला हवाय. त्याच्या मागून चालायचंय. तो कुठे थांबतो, खाली वाकून काय उचलतो, कुठल्या खुरावरून नर ओळखतो, दुपारी कुडू कुठल्या झाडीत सावली धरतो हे त्याला कसं कळलं, आणि कळायला किती वर्षं लागली. सात दिवसांत चार जनावरं म्हणजे दर दीड-पावणेदोन दिवसाला एक. त्यात हे कुठे बसवणार? गाडीतून उतरायचं, तीन काठ्यांच्या तिकाटण्यावर बंदूक टेकवायची, फोटो काढायचा, पुढच्या जनावराकडे. माझ्या मनातला कुडू त्या यादीतला पहिला आकडा होऊन बसेल. मला ते नको.

शनिवार, संध्याकाळी

मित्राला फोन केला. म्हटलं, जूनच्या गटात येत नाही. तो हिरमुसला. मग म्हटलं, माझ्यासाठी एक विचारशील का? पुढच्या वर्षी, बारा दिवस, एकच कुडू, कुंपण नसलेल्या भागात, पायी. शिंगं किती भरतात ते महत्त्वाचं नाही, पण नर म्हातारा हवा, ज्याचे माजाचे हंगाम सरलेत असा. पहिले तीन दिवस मी बंदूक घेणार नाही, फक्त माग काढणाऱ्याच्या मागून चालेन.

"अरे, बारा दिवसांत एकही नाही दिसला तर? रिकाम्या हाताने परत येशील."

"येईन."

"आणि तीन दिवस नुसतं चालायचे पैसे?"

"देईन ना. त्या माणसाच्या दिवसाचे पैसे आहेत ते."

थोडा वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, विचारून बघतो, असं मागणारे फार नसतील. नंतर हळूच म्हणाला, माग काढणाऱ्याच्या मागून चालायला मलाही आवडेल, चौथा दिवस मला देशील का? मी म्हटलं, चारही दिवस ये.

माझी नेहमीची तीस-शून्य-सहा रायफल कुडूला पुरते, नवीन बंदूक घ्यायला नको. बंदूक नेण्याचे, शिंगं आणण्याचे कागद पुढे बघता येतील. आधी गुडघे. रोज पाठीवर वजन घेऊन उतारावरची वाट चढायची, असं ठरवलंय.

फोननंतर अर्धा तास उजेड होता, म्हणून ओढ्यापर्यंत जाऊन आलो. बंदूक नेली नव्हती. लोळणीच्या काठावर ताजी पावलं होती, आईची आणि पिल्लांची. वाकून मोजली, ओल्या चिखलात पुन्हा मोजली. पिल्लांच्या पाचच जोड्या लागतात. सहावं पिल्लू बहुतेक कडेच्या गवतावरून गेलं असेल. उद्या पहाटे वारा फिरायच्या आत मचाणावर असायला हवं.