किडेपोला जायचं तर कोरड्या दिवसांत

युगांडाच्या ईशान्य टोकाला, दक्षिण सुदानच्या सीमेला लागून किडेपो व्हॅली नॅशनल पार्क आहे. क्षेत्रफळ १,४४२ चौरस किलोमीटर, पक्ष्यांच्या नोंदी ४७० जातींच्या वर.

तयारी लशीपासून सुरू केली. यलो फीव्हरची लस ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते आणि तिचं पिवळं कार्ड लस घेतल्यानंतर १० दिवसांनी ग्राह्य होतं. युगांडात शिरताना ते लागतंच, पण भारतात परततानाही लागतं. नसेल तर ६ दिवसांपर्यंत विलगीकरण. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून घेतल्या. परत आल्यावरही त्या काही दिवस चालू ठेवाव्या लागतात, लोक नेमके तिथेच सोडून देतात.

कंपालाहून गुलूला मुक्काम, दुसऱ्या दिवशी कितगुम, करेंगा करत पार्कातला आपोका कॅम्प. एका दिवसात हे अंतर रेटू नये. कितगुमला टाकी काठोकाठ भरली, कारण पुढे पेट्रोल-डिझेलचा भरवसा नाही. गाडी फोर-बाय-फोर आणि स्टेपनी दोन. पावसाळ्यात काळ्या मातीत चाक रुतलं की मदत यायला अर्धा दिवस जातो.

पार्कात दोन खोरी. नारुसमध्ये उन्हाळ्यातही पाणी टिकतं, म्हणून डिसेंबर ते मार्च रानम्हशींचे प्रचंड कळप, हत्ती, झेब्रे सगळे तिथेच गोळा होतात. पहाटेच्या फेऱ्या म्हणून नारुसलाच ठेवल्या. किडेपो नदीचं पात्र तेव्हा नुसती वाळू, काठाला ताड. पण शहामृग बघायचे तर तिकडेच वळावं. पलीकडच्या कानांगोरोकच्या गरम झऱ्यांपर्यंत सोबत रेंजर घेतला.

त्सेत्से माशी धावत्या गाडीमागे लागते, पातळ कपड्यातूनही चावते आणि अंगाला लावायच्या मलमांना फारशी जुमानत नाही. निळे-काळे कपडे तिला खुणावतात. जाड खाकी पूर्ण बाह्यांचा शर्ट घालावा, माश्यांच्या पट्ट्यात काचा वर ठेवाव्यात.

दुर्बीण ८ × ४२ (आठ पट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) पुरते. जमिनीवर चालणारा ॲबिसिनियन धनेश, आपल्या नीलपंखाचा लांब शेपटीचा भाऊबंद ॲबिसिनियन रोलर आणि क्लॅपरटनचा तित्तर, हे तिघे यादीत सगळ्यात वर ठेवावेत. पोपटासाठी थांबू नका, असं गाईडला मात्र आधीच सांगून ठेवावं. युगांडात आपला कंठवाला पोपट उत्तरेकडेच दिसतो, त्यामुळे तो दाखवायला हौसेने गाडी थांबवतात आणि सकाळच्या उन्हातली चांगली वीस मिनिटं पोपटावर जातात.