फॉर्मवरचा पहिला प्रश्न

आज पर्यावरणावरच्या एका सेशनला गेले होते, सुरुवातीलाच फॉर्म, पहिला प्रश्न: तुम्ही पर्यावरणवादी आहात का? शेजारच्या बाई दुसऱ्या देशातून येऊन स्थायिक झालेल्या, त्यांनी पटकन 'नाही'वर टिक केली. आणि पुढच्या पानावर? गाडी नाही, बसनेच फिरतात, प्लास्टिकच्या पिशव्या धुऊन वाळवून पार फाटेपर्यंत वापरतात. मी मात्र 'हो' लिहून मोकळी, आणि आले होते गाडीने 🙈

मग २०१८ चा अमेरिकेतला एक अभ्यास सांगितला, की कृष्णवर्णीय, लॅटिनो, आशियाई, गरीब लोकांना पर्यावरणाची फारशी पडलेली नसते असं लोक धरून चालतात, प्रत्यक्षात त्यांची काळजी तेवढीच किंवा जास्तच निघाली, आणि कहर म्हणजे त्या गटांतले लोकही आपल्याच माणसांबद्दल तोच गैरसमज बाळगून होते! अहो काळजी नसेल कशी, घातक कचऱ्याची केंद्रं कुठल्या वस्तीजवळ असणार हे तिथे उत्पन्नापेक्षाही वंशावरून जास्त ठरतं, हे तिथल्या १९८७ च्या एका रिपोर्टमध्येच आलेलं.

निघताना बाईंना म्हटलं, अहो तुम्ही 'हो' लिहायला हवं होतं. तर म्हणाल्या, छे, ते मीटिंगांना जाणारे लोक वेगळे असतात. मीटिंगमधूनच बाहेर पडत होतो आम्ही 😅