काम परत न्यायचं म्हणजे नुसतं टॅरिफ लावून होत नाही

सध्या कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत कुठल्याही चहाच्या गाड्यावर थांबा, विषय एकच. अमेरिकावाले सगळं काम परत आपल्या देशात नेणार, मग आपल्या कास्टिंगचं, म्हणजे लोखंड ओतून केलेल्या मालाचं काय? भीती खोटी नाही. 2025 च्या ऑगस्टमध्ये भारताच्या बऱ्याच मालावर अमेरिकेत 50 टक्के टॅरिफ, म्हणजे आयात कर लागला, आणि ऑर्डर थांबली की पहिला घरी बसतो तो कंत्राटी पोरगा.

पण टॅरिफ लावला की कारखाना परत येतो, हे मला पटत नाही. आदिदासचं बघा, जर्मनीत आन्सबाखला आणि अमेरिकेत अटलांटाला रोबोटवर बूट करायचे कारखाने काढले, पैशाला कमी नव्हती, तरी 2019 मध्ये दोन्ही बंद करतोय म्हणून जाहीर केलं आणि ते तंत्र आशियातल्या सप्लायरकडं दिलं. कारण बूट करणारी माणसं तिकडंच होती.

उलट जीई या अमेरिकन कंपनीनं 2012 च्या सुमारास चीनमध्ये होणारा वॉटर हीटर अमेरिकेत लुईव्हिलच्या कारखान्यात आणला, तेव्हा डिझाइनवाले, वेल्डर, असेंब्लीवाले सगळे एकत्र बसले. बघतात तर तांब्याच्या नळ्यांचा असा गुंता की वेल्डिंगच अवघड, चीनच्या स्वस्त मजुरीत ते झाकून गेलेलं. नवीन डिझाइन केलं आणि 1599 डॉलरचा हीटर 1299 ला विकला. मला यातलं एकत्र बसणं लई महत्त्वाचं वाटतं, कारण आपलं कोल्हापूर त्यावरच उभं आहे, उद्यमनगरात पॅटर्न (ज्यावरून साचा काढतात तो नमुना), शिरोलीत ओतकाम, गोकुळ शिरगावला मशीनिंग, काय अडलं तर माणूस गाडीला किक मारून समोर हजर.

आमच्याकडचा जुना मोल्डर, म्हणजे वाळूचा साचा करणारा, वाळू मुठीत दाबतो, गोळ्यावर बोटांचे ठसे स्पष्ट उठले पाहिजेत आणि गोळा मोडला तर कड ढासळता कामा नये. ओल जास्त असली तर 1400 डिग्रीच्या आसपासचं लोखंड आत पडल्यावर वाफ कोंडते आणि ब्लोहोल, म्हणजे आत पोकळी पडते, पीस रिजेक्ट. लॅबचा मॉइश्चरचा आकडा यायच्या आधीच हा माणूस पाणी कमी करायला सांगतो. अशी माणसं गेली की टॅरिफ कितीही लावा, ती परत येत नाहीत.

आणि मला खरी काळजी इथलीच आहे, ट्रम्पची नाही. फेटलिंगला, म्हणजे ओतलेला पीस घासून साफ करायला, धुळीत उभं राहायला आपली पोरं तयार नाहीत, आणि त्यांचं काय चुकतंय? त्याच पगारात डिलिव्हरीचं काम मिळतंय आणि छातीत धूळ जात नाही. मालकलोकांना माझं हात जोडून सांगणं आहे, नवीन लाइन टाकताना डस्ट कलेक्टर आधी बसवा, चांगले मास्क द्या, आणि जुन्या मोल्डरच्या हाताखाली दोन तरी पोरं कायम पगारावर ठेवा. तो रिटायर व्हायच्या आत.