निळ्या भिंतीचं देऊळ

साताऱ्याला गेले की कुणीतरी विचारतंच, "तुमचे मिस्टर आर्मेनियाचे ना? मग त्यांचं कुलदैवत बघायला तुर्कस्तानात कशाला गेलात? आणि तिथे उरलंय तरी काय?" दारात उभ्या उभ्या सांगण्यासारखं हे नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आज सविस्तर लिहिते.

आमचं लग्न झाल्यावर आईने आम्हा दोघांना जेजुरीला पाठवलं. भंडाऱ्याने पिवळ्या झालेल्या पायऱ्या उतरताना मी नवऱ्याला म्हटलं, आता तुमच्या कुलदैवताला जाऊ. तो येरेवानमध्ये जन्मलेला आणि कॅलिफोर्नियात ग्लेंडेलला वाढलेला. बऱ्याच पायऱ्या तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "आमचं आहे, पण आमच्याकडे नाही."

त्याचे आजोबा आज तुर्कस्तानात असलेल्या कार्सजवळच्या एका खेड्यातले. 1920 साली ऑक्टोबरच्या शेवटी तुर्की सैन्याने कार्स घेतलं, तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. आईचं बोट धरून ते अखुरियान नदीपलीकडे गेले. पुढच्या वर्षी कार्सचा तह झाला आणि तीच नदी सरहद्द ठरली. 1993 पासून तर ही सरहद्द बंदच आहे. आर्मेनियाच्या काठावरून आनी शहराचे अवशेष नुसत्या डोळ्यांनी दिसतात, पण तिथे पाय ठेवायचा तर जॉर्जियातून वळसा घालून यावं लागतं. आजोबांनी तो वळसा कधी घेतला नाही. सणाला आई आनीला न्यायची, खूप पायऱ्या उतराव्या लागायच्या आणि आत निळी भिंत होती, एवढीच आठवण ते पुन्हा पुन्हा सांगत.

आम्ही कार्सहून गाडी केली. आनी तिथून 45 किलोमीटरवर. वाटेत नुसतं गवताळ पठार, आणि एकाएकी समोर लाल-काळ्या दगडांची तटबंदी येते. 961 साली ही आर्मेनियाच्या बग्रातुनी राजांची राजधानी झाली. इथे इतकी देवळं होती की तिला एक हजार एक देवळांची नगरी म्हणत. पुढे मंगोल आले, 1319 साली भूकंप झाला, व्यापाराच्या वाटा दुसरीकडे वळल्या आणि शहर हळूहळू ओस पडलं. आज आत शिरल्यावर गुडघाभर गवत लागतं आणि त्यात लांब लांब उभे असलेले घुमट दिसतात. एक गोल चर्च तर उभं चिरल्यासारखं अर्धंच उरलंय. त्याचा दुसरा अर्धा भाग 1957 साली वादळात कोसळला.

निळी भिंत कुठली, हे गाडीवाल्याला विचारावंच लागलं नाही. "रेसिमली किलिसे," म्हणजे चित्रांचं चर्च, असं म्हणून त्याने पूर्वेच्या कड्याकडे बोट दाखवलं. पायऱ्या खरोखरच खूप आहेत. खाली घळीत नदी वाहते, तिच्यात जुन्या पुलाचे तुटके खांब आहेत आणि पलीकडच्या काठावर पहारेकऱ्यांचे मनोरे.

आर्मेनियाला ख्रिस्ती धर्म देणाऱ्या संत ग्रिगोरचं हे चर्च 1215 साली तिग्रान होनेन्त्स नावाच्या धनिकाने बांधलं. बाहेरच्या भिंतीवर त्याचा लांबलचक लेख कोरलेला आहे. नवरा एकेका अक्षरावर बोट धरल्यासारखं करत, भिंतीला हात न लावता, वाचू लागला. भाषा आठशे वर्षांपूर्वीची, पण लिपी त्याने शाळेत गिरवलेलीच. ही जागा कडे आणि झुडपांची होती, ती मी माझ्या हक्काच्या पैशाने मालकांकडून विकत घेतली, असं तिग्रान सांगतो. पुढे त्याने काय काय लावून दिलं त्याची यादी आहे: गावांतले हिस्से, दुकानं, हमाम. मला आपल्याकडचे दानलेख आठवले. देवळाची दिवाबत्ती चालावी म्हणून जमिनी इनाम देतात, तेच हे. आपण गेल्यावरही इथे कुणीतरी सांजवात लावावी, एवढीच त्या माणसाची इच्छा होती.

आत गेलो आणि निळा रंग दिसला. आकाशाचा निळा नव्हे, त्याहून गडद, संध्याकाळ सरताना असतो तसा. त्या निळ्यावर सिंहासनावर बसलेला ख्रिस्त, गाढवावरून जेरुसलेमात शिरणारा ख्रिस्त, मेलेला लाझारस उठतो तो प्रसंग. पश्चिमेच्या बाजूला ग्रिगोरची कथा: त्रदात राजाने त्याचा केलेला छळ, आणि पुढे त्याच राजाला त्याने दिलेली दीक्षा. आर्मेनियन चर्चमध्ये आतून इतकी चित्रं सहसा नसतात. तिग्रान जॉर्जियन चर्चच्या पंथाचा असावा, म्हणून ही चित्रं, असं म्हणतात. त्यांच्यावरची अक्षरंही जॉर्जियन आणि ग्रीक. बाहेर घडाघडा वाचणारा माझा नवरा आत आल्यावर निरक्षर झाला. त्याला त्याचं वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. तो म्हणाला, "म्हणजे आजोबांनाही वाचता आलं नसणार. त्यांनी फक्त रंग पाहिला."

आता जे सांगायचंय ते सांगताना मला आजही राग येतो. माणसाचा हात पोहोचतो तिथवर एकही संत धड नाही. चेहरे खरवडलेले, डोळे टोकरून काढलेले, वस्त्रांवर नावं आणि तारखा कोरलेल्या. कुठे ओल येऊन गिलावा सुटलाय. हात पोहोचत नाही तिथून वर चित्रं अजून ताजी आहेत. त्या दोहोंमधली रेघ स्पष्ट दिसते. तिथल्या फलकांवर कित्येक वर्षं 'आर्मेनियन' हा शब्दच नसे. पण दोष एकाच काठाचा नाही. समोरच्या आर्मेनियातल्या दगडखाणीत सुरुंग लावत, त्यांचे हादरेही या भिंतींनी सोसले. 2016 साली आनी जागतिक वारसा यादीत आलं, थोडी डागडुजी होते आहे. माझं म्हणणं साधं आहे. ज्या देवळाला गुरव उरला नाही त्याचं काय होतं, ते मी तिथे पाहिलं.

नवऱ्याने ग्लेंडेलच्या चर्चमधून एक बारीक पिवळी मेणबत्ती आणली होती. आजोबांच्या नावाने लावायची म्हणून. खिशातून काढली, काडेपेटीही काढली. मग वर त्या निळ्याकडे पाहून त्याने ती परत ठेवली. "धूर बसेल," म्हणाला.

परतल्यावर सासऱ्यांना फोटो दाखवले. त्यांनी बाकीचे पटापट सरकवले आणि भिंतीच्या फोटोवर थांबले. दोन बोटांनी तो मोठा करत गेले, इतका की पडद्यावर निळ्याशिवाय काही उरलं नाही.

मेणबत्ती आमच्या देव्हाऱ्यात आहे, खंडोबाच्या टाकाशेजारी. अजून कोरी.