उघड्या खडकावरचं रक्त

तुम्ही विचारलंत म्हणून. प्रश्न नेहमीचाच आहे: बायबलच्या जुन्या करारातले संदेष्टे राजरोस केलेल्या पापावर एवढे का तुटून पडतात? मग झाकून केलेलं चालतं का?

चालत नाही. दावीद राजानं बथशेबेशी केलेला व्यभिचार झाकायला तिच्या नवऱ्याला, उरीयाला, लढाईत मरायला धाडलं. नाथान संदेष्ट्यानं त्याला सुनावलं: तू गुपचूप केलंस, शिक्षा मात्र भर उन्हात होईल. पण दावीद निदान ‘मी पाप केलं’ एवढं तरी म्हणाला. यशया संदेष्टा (३:९) ज्यांच्याबद्दल बोलतो ते, पापासाठी कुप्रसिद्ध असलेल्या सदोम शहरासारखं, आपलं पाप स्वतःच सांगत सुटतात; गरिबांची लूट त्यांच्या घरात उघड पडलेली आहे. यिर्मया तर पुजाऱ्यांवर आणि संदेष्ट्यांवरच घसरतो: यांना लाजणं म्हणजे काय हेच ठाऊक नाही (६:१५; ८:१२ मध्ये जवळजवळ तेच शब्द पुन्हा). आपल्याकडे ‘लाज कोळून प्यायलेले’ म्हणतात, ते हेच.

खरं उत्तर मात्र यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या २४व्या अध्यायात आहे. यरुशलेमेनं सांडलेलं रक्त मातीत ओतलं नाही, उघड्या खडकावर ठेवलं. हे कळायला जुन्या करारातल्या ‘लेवीय’ या नियमांच्या ग्रंथातलं १७:१३ माहीत हवं: शिकारीतल्या पक्ष्याचंसुद्धा रक्त जमिनीवर ओतून मातीनं झाकायचं. कारण रक्त म्हणजे जीव. तेव्हा ते झाकणं म्हणजे पुरावा लपवणं नव्हे. जीव आपला नव्हता, ही कबुली. इथंच वाचणारे चुकतात. शहरानं माणसाच्या रक्ताला पाखराइतकाही मान दिला नाही. खडक रक्त शोषत नाही, ते तसंच दिसत राहतं. पुढच्याच ओळीत देव म्हणतो, आता मीही ते खडकावरच ठेवलंय, झाकलं जाऊ नये म्हणून. गुन्हा आणि निवाडा, दोन्हींची जागा तीच.

त्याच अध्यायात तांब्याचं कळकलेलं भांडं येतं; ते भांडं म्हणजे यरुशलेम शहर. त्यात मांस शिजवून झालं, हाडं जळली, तरी कळंक सुटेना. मग रिकामं भांडंच निखाऱ्यांवर, तांबं लाल होईपर्यंत. आत काही असताना ते तेवढं तापत नाही. म्हणून आधी शहर रिकामं होणं आलंच.

यहेज्केल तेव्हा बाबेलच्या मुलखात, पाडाव झालेल्या लोकांत होता. त्याला आज्ञा झाली, आजची तारीख लिहून ठेव: नववं वर्ष, दहावा महिना, दहावा दिवस. त्याच दिवशी यरुशलेमेला वेढा पडला. यहुदी लोक अजूनही तेवेत या त्यांच्या दहाव्या महिन्याच्या दहाव्या दिवशी, पहाटेपासून रात्र पडेपर्यंत, उपास धरतात.