दगडी समुद्र ओलांडून बार्थोलोमेला

या वारीत पालखी नाही, वाटेत मुक्कामही नाही, आणि परतीची खेप बोटीची. ऑस्ट्रियातल्या मारिया आल्म गावातून अंधारात निघायचं आणि डोंगर ओलांडून जर्मनीतल्या क्योनिग्सझे तळ्याकाठी सांक्ट बार्थोलोमेच्या देवळात पोचायचं. 24 ऑगस्ट हा संत बार्थोलोम्यूचा दिवस. वारी त्यानंतरच्या शनिवारी निघते. 1635 पासूनची परंपरा, मूळ प्लेगच्या काळातल्या नवसात. बार्थोलोम्यू हा आल्प्समधल्या गुराख्यांचा संत.

गाव सुमारे 800 मीटरवर आणि रीमानहाउस ही डोंगरातली धर्मशाळा 2177 वर. मोठा चढ इथेच संपतो. शेवटच्या टप्प्यात कातळात खोदलेल्या पायऱ्या आणि तारेचे दोर आहेत. दोराला हात घालायच्या आधी काठ्या मिटून पाठीवर बांधा. हातात राहिल्या तर त्याच पायात येतात. वर प्रार्थना होते. थांबलं की घाम थंड पडतो, म्हणून कोरडा सदरा पिशवीत सगळ्यात वर ठेवावा.

पुढे श्टायनर्नेस मेअर, म्हणजे दगडी समुद्र. नाव अगदी खरं आहे. चुनखडीचं पठार, लाटांसारखं वरखाली, मध्येमध्ये खोल खड्डे. पाऊस कितीही पडो, पाणी फटींतून खाली जातं. वर झरा दिसेल ही आशा सोडा. आम्ही रीमानहाउसलाच माणशी दोन लिटर भरून घेतो, ऊन असेल तर तीन. पुढची खात्रीची भरणी केर्लिंगरहाउस या पुढच्या धर्मशाळेत, सुमारे तीन तासांनी. धुकं उतरलं की सगळे दगड सारखे दिसतात. वाट दाखवणारी पुढची रंगाची खूण दिसल्याशिवाय जवळची खूण सोडायची नाही. सरहद्द या पठारावरच लागते. चौकी नाही, पण पासपोर्ट जवळ हवाच.

केर्लिंगरहाउस फुंटेनझे तळ्याकाठी, सुमारे 1630 मीटरवर. या खोलगटात थंड हवा कोंडते. 24 डिसेंबर 2001 ला इथे उणे 45.9 अंश नोंदले गेले. ऑगस्टमध्ये सूप प्यायचं आणि निघायचं. दुपारच्या विजांना पठारावर सापडू नये यासाठीच तर पहाटेची घाई.

लोक चढाला घाबरतात. आमच्या मते खरी परीक्षा उताराची. केर्लिंगरहाउस ते तळं हजारभर मीटरची उतरण, त्यात झाउगासेची अरुंद घळ, वळणामागून वळण. घसारा, पायाखाली सुटणारे खडे, आणि आधीच सहासात तास चाललेले पाय. गुडघे इथे बोलायला लागतात. बुटांच्या नाड्या वर घट्ट आवळा, नाहीतर बोटं पुढे सरकून नखं काळी पडतात. काठ्या थोड्या लांब करा, पावलं आखूड टाका.

खाली देऊळ, खानावळ, मागे वात्समान डोंगराचा कडा. गाडीरस्ता नाही. शेवटच्या बोटीची वेळ निघण्याआधीच पाहून ठेवावी, कारण ती चुकली तर रात्र इथेच. बोटी 1909 पासून विजेवर चालतात, आवाज जवळपास नाहीच. वाटेत कड्यावर एक क्रूस दिसतो: 1688 साली यात्रेकरूंची नाव तिथे बुडून सुमारे 70 जण गेले. बोटीतले बहुतेक वारकरी तोवर बसल्या जागी पेंगत असतात.