अमेरिकी गॅस-हीटर एलपीजीवर: रेग्युलेटर उलटवला, आता दाबाचं बघू

हीटरचा गंज काढून रंग देऊन झाला. आता खरं काम. हा भिंतीवरचा हीटर नैसर्गिक वायूवर चालणारा, आणि ग्वाल्हेरात लष्कर भागातल्या आमच्या घरी अजून लाल सिलिंडरच. थंडीचा कडाका सुरू व्हायच्या आत तो एलपीजीवर आणायचा होता. जुन्या घराला धुराडं आहे म्हणून हे धाडस. जळका वायू बाहेर जायची सोय नसती तर हात लावला नसता.

हीटरच्या आतला रेग्युलेटर उलटवणं सोपं निघालं. वरची षट्कोनी टोपी पान्याने उघडली की तिच्या पोटात प्लास्टिकचा खुंटा अडकवलेला दिसतो. एका तोंडावर ‘नॅट’, दुसऱ्यावर ‘एलपी’. ओढून काढा, उलटा बसवा, टोपी आवळा. खुंट्याची लांब बाजू आत गेली की स्प्रिंग जास्त दबते, आणि बाहेर पडणारा दाब ४ इंच पाण्याऐवजी १० इंच होतो (गॅसचा दाब तो पाणी किती उंच ढकलतो यावर मोजतात). म्हणजे १०२ मिलिमीटरवरून २५४.

झालं काम, असं इथे बऱ्याच जणांना वाटतं. तर तसं नाही. नैसर्गिक वायूचे जेट, म्हणजे बर्नरला गॅस सोडणारी बारीक भोकाची तोंडं, तशीच ठेवून नुसता खुंटा उलटवला, तर बर्नरमधून ठरल्याच्या सुमारे अडीचपट उष्णता निघेल. एलपीजी त्याच भोकातून, त्याच दाबाला दीडपटीहून जास्त उष्णता देतो, वर दाब अडीचपट, आणि त्याचं वर्गमूळ पुन्हा दीडपटीच्या वर. गुणाकार करून बघा. पिवळी लपलपणारी ज्योत, काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड. म्हणून १.७५ मिमीचे जेट काढून १.१० मिमीचे घातले. पायलटचा, म्हणजे बर्नर पेटवणाऱ्या छोट्या ज्योतीचा जेट वेगळा असतो, तोही बदलला. दौलतगंजातला एक कारागीर म्हणाला, “भोक झाळून बुजवतो आणि बारीक पाडून देतो, कशाला परदेशातून मागवता?” ज्योतीच्या तोंडाशी झाळकाम? नको रे बाबा. मूळ कंपनीचं किट भाच्याच्या बॅगेतून आलं.

आता मोजणं. ज्योत निळी दिसली म्हणजे दाब बरोबर, यावर माझा विश्वास नाही. गवंडी लोक लेव्हलला वापरतात ती पारदर्शक नळी घेतली, फळीवर इंग्रजी ‘यू’सारखी वाकवून ठोकली, मागे आलेखाचा कागद, आत कुंकवाचं पाणी. बुडबुडे टिचक्या मारून बाहेर काढा, नाहीतर आकडा खोटा येतो. एक टोक गॅसला जोडलं की दोन्ही बाजूंच्या पातळीतला फरक वाचायचा, एकाच बाजूची चढण नव्हे.

आपल्या घरगुती सिलिंडरच्या रेग्युलेटरचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ३० ग्रॅम, म्हणजे ३०० मिमी पाणी. हीटरला हवेत २५४. मधे नळीत आणि हीटरच्या रेग्युलेटरमध्ये खर्चायला उरले जेमतेम ४६. घोडं इथेच अडतं.

हीटर एकटा पेटवला: त्याच्या रेग्युलेटरच्या आत शिरताना २८६, बाहेर पडताना २४९. उत्तम. मग स्वयंपाकघरात काकूंनी शेगडीचे दोन्ही बर्नर लावले, आणि कुंकवाचं पाणी डोळ्यांदेखत खाली आलं. आत २५८, बाहेर २३०. घरच्यांचा निकाल तयार: “थंडीने सिलिंडर गोठलाय.” पण शेगडी बंद करताच आकडा क्षणात परत वर. गारठलेला सिलिंडर असा एका क्षणात ऊबदार होत नाही. शिवाय ब्यूटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतो, प्रोपेन तर उणे ४२ला. पाच अंशांतही सिलिंडरमधला दाब ३०० मिमीच्या कितीतरी वर असतो. दोष वाटेतला: दोघांचा गॅस एकाच लांब, बारीक नळीतून येतो.

काही जण सांगतील, स्प्रिंग आणखी दाबा. रेग्युलेटर दाब कमी करतो, निर्माण करत नाही. आत २५८ असताना बाहेर २५४ मागून काय मिळणार? उलट शेगडी बंद झाली की दाब ठरल्यापेक्षा वर चढेल. सिलिंडरवरचा रेग्युलेटर तर कंपनीचा, सीलबंद. त्याला हात लावायचाच नाही.

तेव्हा पुढचा टप्पा: हीटरसाठी जाड तांब्याची वेगळी लाइन. ती अधिकृत फिटरकडूनच टाकून घेणार, आणि प्रत्येक जोड साबणाच्या फेसाने तपासणार. एलपीजीचा गळती-अलार्म जमिनीलगत लावलाय, कारण हा वायू हवेपेक्षा जड. कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा.

काढलेले जेट चिठ्ठी लावून डबीत ठेवलेत. गल्लीत पाइपचा गॅस आला की ते परत घालून खुंटाही परत उलटा करायचा. तिथे २१ मिलिबार, म्हणजे सुमारे २१४ मिमी येतात आणि हीटरला हवेत १०२, तेव्हा ही ओढाताण उरणार नाही. इंदूर-बडोद्याकडे कोणी पाइपच्या गॅसवर असा हीटर चालवत असेल, तर शेगडी चालू असतानाचा आकडा जरूर कळवा.